निर्लेखित मेगर भंगारात देऊ नका, आयटीआयच्या पोरांना द्या: ऊर्जामंत्र्यांना सोलापुरातून खुलं पत्र

मा. ऊर्जामंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार,

साहेब, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. लूमच्या मोटारी, विहिरीवरचे पंप, टॉवेल कारखान्यातले ब्लोअर, जे जळून येतं ते भरून देतो आणि वेळ उरला की जुने मेगर (मोटारीच्या-वायरच्या इन्सुलेशनमधून करंट गळतो का ते मोजायचं यंत्र, जुन्यात त्यासाठीची वीज हँडल फिरवून तयार होते), ऑइल टेस्ट सेट, हायपॉट (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचा सेट) असलं भंगारातून उचलून पुन्हा चालू करतो. मागणी आधीच सांगतो. वीज कंपन्यांच्या आणि सरकारी स्टोअरमधून इन्सुलेशन तपासायची जुनी उपकरणं निर्लेखित होतात, म्हणजे नोंदीतून बाद होतात, आणि लिलावात वजनावर जातात, ती तशी जायच्या आधी जिल्ह्यातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकला एकदा विचारलं जावं.

आता हे का म्हणतोय ते बघा. मध्यंतरी एका भंगारवाल्याकडे हँडलचे मेगर गठ्ठ्याने पडले होते, त्यातल्या एकाला चिठ्ठी बांधलेली होती, "सुई शून्यावर येत नाही, नादुरुस्त". साहेब, हँडल न फिरवता जुन्या मेगरची सुई आपोआप शून्यावर येतच नसते! त्यात साध्या मीटरसारखी सुईला मागे ओढणारी स्प्रिंग नसते, एकमेकींना तिरक्या बसवलेल्या दोन कॉइल असतात, एक व्होल्टेजची आणि एक करंटची, दोघींच्या ओढाताणीत सुई जिथे थांबेल तेच रीडिंग. हँडल फिरवलं नाही की सुई कुठेही लोळत पडते आणि तेच बरोबर आहे. टर्मिनल उघडे ठेवून फिरवा, सुई इन्फिनिटीला गेली पाहिजे, दोन्ही जोडून हळूच फिरवा, शून्यावर आली पाहिजे, एवढी दोन मिनिटांची तपासणी कुणी केली असती तर ती चिठ्ठी बांधलीच गेली नसती. मला वाईट वाटतं ते इथे, की चांगला मेगर निव्वळ माहिती नाही म्हणून बाद होतो, आणि ती माहिती द्यायची जागा म्हणजे आयटीआयचं वर्कशॉप.

मेगर हे नावच मुळात लंडनच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीचं, सिडनी एव्हरशेड यांचं पहिलं पेटंट 1889 चं आणि नाव रजिस्टर झालं 1903 साली, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी मेगरच, आणि "मेगर मारला का?" हे सोलापुरातल्या कुठल्याही वायरमनला विचारा, लगेच कळतं.

असा मेगर उघडला की बहुतेक वेळा आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, त्यामुळे हँडल जड फिरतं आणि 160 आरपीएमला जो क्लच सुटायला पाहिजे तो सुटत नाही. जुनं ग्रीस धुवायचं, कम्युटेटर साफ करायचा, कार्बन ब्रश झिजले असतील तर घासून बसवायचे, लोहचुंबकाला मात्र उगाच हात लावायचा नाही. एवढं करूनही कधी कधी टर्मिनल उघडे असताना सुई इन्फिनिटीच्या अलीकडेच अडकते. ही आपल्या गावाची खास तक्रार आहे. लूम शेडमधला कापसाचा तंतू आणि धूळ मेगरच्या बेकलाइटच्या पॅनेलवर बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि करंट त्या थरावरूनच निसटतो, मोटार जोडायच्या आधीच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॅनेल पुसायचं, रात्रभर बल्बखाली सुकवायचं, सकाळी सुई सरळ जागेवर. मग माहितीतले 1, 10, 100 मेगोहमचे रेझिस्टर लावून स्केल तपासायची. पोरांनी हे एकदा हाताने केलं की लीकेज करंट म्हणजे काय हे पुन्हा शिकवावं लागत नाही.

डिजिटल चांगलेच आहेत, मीही वापरतो. एक मिनिट आणि दहा मिनिटांच्या रीडिंगचं गुणोत्तर, ज्याला पीआय (पोलरायझेशन इंडेक्स) म्हणतात, ते काढायला डिजिटलच सोयीचा. पण हँडलच्या मेगरला सेल लागत नाही, आणि तापमान दहा डिग्रीने वाढलं की इन्सुलेशनचं रीडिंग ढोबळमानाने निम्म्यावर येतं हे एप्रिलमध्ये एकाच मोटारीवर सकाळी आणि दुपारी मेगर मारून बघितलं की डोळ्याला दिसतं, सोलापूरचं ऊन त्याला पुरेसं आहे.

मोठ्या सेटबद्दल मात्र सांभाळून. ट्रान्सफॉर्मर ऑइलचा टेस्ट सेट, ज्यात 2.5 मिलिमीटरच्या गॅपमध्ये तेल फुटेपर्यंत व्होल्टेज चढवतात, तो 60 केव्हीपर्यंत जातो आणि तो पोरांच्या हातात एकट्याने द्यायचाच नाही. झाकणाचा इंटरलॉक, व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमीजास्त करायचा भाग) शून्यावर असल्याशिवाय हाय व्होल्टेज चालू न होणं, अर्थिंग आणि डिस्चार्ज रॉड, हे सगळं ठीक झाल्याशिवाय प्लग लावू नये आणि जाणकार माणूस शेजारी उभा पाहिजे. जुन्या डीसी सेटमधले तेल भरलेले कपॅसिटर तर आणखी वेगळी गोष्ट आहे. काहींमध्ये पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल हे विषारी रसायन) असतं, केंद्राच्या 2016 च्या आदेशाने त्याच्या वापराला 31 डिसेंबर 2025 ही शेवटची मुदत होती, आणि तेच डबे भंगारवाल्याकडे मजूर उघड्या हाताने फोडतात. लिलावाच्या आधी जाणकाराने यादी बघितली तर हे डबे बाजूला निघतील आणि नियमाप्रमाणे विल्हेवाट लागेल, माझ्या मागणीत हे कारण मी सगळ्यात वर ठेवतो.

31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्ही लाइन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाला जोडली गेली ती आपल्याच जिल्ह्यातून. तिथे आणि एनटीपीसीच्या वीज केंद्रात इन्सुलेशन तपासायला माणसं लागतात ओ साहेब, ती इथल्याच पोरांतून का होऊ नयेत?

तर निर्लेखनाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा, "शैक्षणिक संस्थेला विचारलं का". विजापूर रोडच्या आयटीआयला पहिली यादी पाठवून बघा. दुरुस्त झालेल्या उपकरणाचं कॅलिब्रेशन (रीडिंग बरोबर असल्याची तपासणी) एनएबीएल मान्यतेच्या लॅबमधून करून घ्यायचा खर्च खात्याने द्यावा, कारण तेवढ्यासाठी संस्था मागे हटतात, आणि ज्यांचं कॅलिब्रेशन होणार नाही त्यांच्यावर "फक्त शिकवण्यासाठी" असं ठळक लिहावं, म्हणजे ते कुणी साइटवर नेणार नाही. शिकवायला मी येतो, शनिवारी दुपारनंतर दुकान बंदच असतं, मानधन नको, आमच्या लाइनमधले अजून दोघंतिघं तयार आहेत.

आपला नम्र,
एक मोटार रिवाइंडिंगवाला, सोलापूर