उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र : कोल्हापूरला शासकीय कला महाविद्यालय द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कोल्हापुरात कला आणि डिझाइनचं शासकीय पदवी महाविद्यालय सुरू करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

राज्यातली सरकारी कला महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं आहेत. मुंबईच्या सर जे.जे. कला महाविद्यालयाला 2023 साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्याचा आम्हा सगळ्यांनाच आनंद झाला. पण पुण्यापासून खाली सातारा, सांगली, कोल्हापूर आणि घाट उतरून रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात सरकारी कला महाविद्यालय नाही. हे महाविद्यालय कोल्हापुरात व्हावं, त्याची पदवी शिवाजी विद्यापीठाची असावी आणि फी सरकारी असावी, ही मागणी करण्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

मी कागल तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. आमची मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना दरवर्षी हौसेनं बसतात. आपल्याच खात्याचं कला संचालनालय या परीक्षा घेतं आणि राज्यभरातून लाखो मुलं त्या देतात. इंटरमिजिएटच्या ग्रेडचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणून पालकही आडकाठी करत नाहीत. अडचण दहावीनंतर सुरू होते. ज्या मुलाला ए ग्रेड मिळाली, ज्याची स्मरणचित्रातली माणसं खरोखर चालताना दिसतात, तो आयटीआयचा फॉर्म भरतो. घरचे विचारतात, "चित्रकलेत पुढं काय?" त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्यापाशी असतं, पण ते उत्तर मुंबईत असतं.

मुंबईला निदान रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी पोचता येतं. नागपूरला महाराष्ट्र एक्सप्रेसनं पूर्ण एक दिवस लागतो. प्रश्न नुसत्या अंतराचाही नाही. बी.एफ.ए. ही कलेची पदवी चार वर्षांची आहे. त्या चार वर्षांत ड्रॉइंग बोर्ड, कागद, रंग, कॅनव्हास, पुढं लॅपटॉप, आणि सबमिशनच्या आठवड्यातला प्रिंटचा खर्च वेगळाच. त्यावर परगावची खोली आणि मेस. इंजिनिअरिंगला मुलगा घातला तर सोसायटीचं कर्ज काढायला तयार असलेला बाप चित्रकलेसाठी कचरतो, आणि त्याला मी दोष देऊ शकत नाही. मुलीला तर पाठवतच नाहीत. माझ्या एका विद्यार्थिनीनं कला पदवीची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, दिली होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सामान्यज्ञान, सगळी तयारी तिनं घरी बसून केली. मोठ्या शहरातल्या एका महाविद्यालयात तिला जागाही मिळाली. राहायची सोय होईना, म्हणून ती जागा सोडावी लागली. आज ती गावातच लग्नपत्रिका आणि डिजिटल फलक करते. कामात हुशार आहे, तिच्याकडे गर्दी असते. पण टायपोग्राफी, म्हणजे अक्षरांची रचना, तिला कुणी शिकवली नाही, छपाईचं तंत्र कुणी दाखवलं नाही, आणि तिच्याइतकीच आवड असलेली चार माणसं शेजारी बसून काम करताहेत हे तिला कधी अनुभवता आलं नाही.

कोल्हापुरात कलाशिक्षण नाही असं मी म्हणत नाही. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलामंदिर यांसारख्या संस्थांनी इथं पिढ्या घडवल्या, मोठ्या कष्टानं घडवल्या. पण पदविका आणि पदवी यांत व्यवहारात केवढा फरक पडतो, हे आपल्या खात्याला ठाऊक आहे. फाउंडेशनचं पायाभूत वर्ष धरून चार-पाच वर्षं राबून जी.डी. आर्ट ही शासकीय पदविका घेतलेला मुलगा पदवीधर ठरत नाही. जिथं जाहिरातीत "पदवीधर" लिहिलं आहे, तिथं त्याचा अर्ज पुढं सरकत नाही. एम.एफ.ए. ही पदव्युत्तर पदवी नाही म्हणून दृश्यकलेची नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देता येत नाही, आणि नेट नाही म्हणून महाविद्यालयात शिकवता येत नाही. इतकी वर्षं शिकलेल्या माणसाला असं अर्ध्यावर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

आता कोल्हापूरच का, ते सांगते. चित्रकार आबालाल रहिमान इथून जे.जे.ला गेले, परत येऊन शाहू महाराजांच्या आश्रयानं कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा रंगवत राहिले. चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर कोणत्याही आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत. सुतारकाम आणि मूर्तिकाम जाणणाऱ्या वडिलांच्या हाताखाली शिकले, 1918 साली स्वतः कॅमेरा तयार केला आणि 1920 साली 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आणला. पुढं नावाजलेले चित्रपट दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले. या नावांचा अभिमान आम्ही भाषणांत नेहमीच सांगतो. मला त्यातली एकच गोष्ट आपल्यापुढं ठेवायची आहे: इथं चित्र, लाकूड, धातू, यंत्र आणि पडदा हे एकाच अंगणात शिकले जात होते. डिझाइनच्या शिक्षणात आज कार्यशाळेला जे महत्त्व देतात, ते याहून निराळं नाही.

ती अंगणं अजून आहेत. सुभाषनगरात बसून कान, अंगठा, वेणी जोडत कापशी घाटाची कोल्हापुरी चप्पल बनवणारे हात आहेत. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं कातडं कुठं कसं ताणतं, हे त्या हातांना कळतं. हुपरीला चांदी आहे. इचलकरंजीला माग आहेत, आणि मागाला रोज नवं डिझाइन लागतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, बनवणारे कारागीर आहेत, ज्यांची त्रिमितीची समज पाहून शिल्पकलेच्या प्राध्यापकानं टोपी काढावी. मोरेवाडीच्या चित्रनगरीला सेट उभारणारी माणसं हवीत. दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यात विद्यार्थ्याला इतकं सगळं एसटीच्या पासावर बघायला मिळेल?

कुंभारगल्लीचं उदाहरण घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 साली मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हापासून प्लास्टर की शाडू हा वाद दरवर्षी पेटतो. कुंभार सांगतात, शाडूची मूर्ती जड होते, ऐन पावसाळ्यात वाळत नाही, वाहतुकीत तडकते. हे प्रश्न साहित्याचे आहेत, साच्याचे आहेत, रचनेचे आहेत. मातकामाचा एक चांगला विभाग, त्यातले विद्यार्थी आणि शेजारच्या गल्लीतले कुंभार यांनी मिळून चार-पाच हंगाम काम केलं, तर हलकी, लवकर वाळणारी मूर्ती निघू शकेल अशी मला खात्री वाटते. मोर्चे आणि नोटिसांनी ती निघालेली नाही.

चपलेचंही तेच. कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या, तेव्हा आपण सगळेच संतापलो. संताप योग्यच होता. पण प्रत्येक घाटाचं मापासकट रेखाटन, कोणत्या गावची कोणती वीण याची नोंद, नव्या घाटाचे प्रयोग, ही कामं वर्षानुवर्षं करणारी जागा विद्यापीठच असते, आणि ती इथं उभी करायला हवी.

म्हणून माझा आग्रह इमारतीपेक्षा अभ्यासक्रमावर जास्त आहे. रंगकला, शिल्पकला आणि उपयोजित कला तर असाव्यातच. त्यांच्या जोडीला चर्मकाम, मातकाम, धातुकाम आणि वस्त्रकला हे विषय पदवीचे विषय म्हणून असावेत, आणि ते शिकवायला कारागीर असावेत. नियमाची अडचण सांगितली जाईल. पण विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 साली "प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस"ची तरतूद केली आहे. त्यात प्रदीर्घ अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीची अट नाही, आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. चपलेवर आयुष्य घालवलेला कारागीर त्या पदावर बसावा. त्याचा नातू समोरच्या बाकावर असला, तर घरच्या धंद्याकडे तो वेगळ्या नजरेनं बघेल.

वसतिगृह पहिल्या दिवसापासून हवं, मुलींचं तर नक्कीच. शाहू महाराजांनी 1901 पासून या शहरात वसतिगृहं उभी केली, कारण खेड्यातलं मूल शिकायचं तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय लागते हे त्यांना कळलं होतं. गडहिंग्लज, आजरा, शाहूवाडीच्या मुलांना आजही ती लागते.

आणि पदं भरा. शाळांमधली कलाशिक्षकांची रिकामी पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत, ते आम्ही रोज सोसतो आहोत. महाविद्यालयाची घोषणा होऊन ते तासिका तत्त्वावर चालवलं गेलं, तर त्यातून काही निष्पन्न होणार नाही. येत्या अर्थसंकल्पात पदनिर्मितीसह तरतूद व्हावी, जागा नंतर ठरली तरी चालेल.

पाहणीसाठी समिती पाठवणार असाल तर ती दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत पाठवू नका. शाळा भरलेल्या असताना पाठवा. ग्रेड परीक्षेच्या तयारीत असलेल्या मुलांची कामं समितीनं स्वतः बघावीत, आणि दहावीनंतर काय करायचं ठरवलं आहेस, हे त्यांनाच विचारावं.

आपली विश्वासू,
एक कलाशिक्षिका
ता. कागल, जि. कोल्हापूर