ताई, तुम्ही पडदा तिरका केलात

प्रिय ताई,

माझ्या लेकीची आकलनाची चाचणी तुम्ही घेतलीत, त्या दिवशी तोंडावर आभार मानायला आले, तर शब्दच फुटेना. तुम्ही "अहो, राहू द्या" म्हणालात आणि बाहेर थांबलेल्या पुढच्या मुलाला आत घेतलंत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

माझी लेक नऊ वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. हात पुढे करायला जावं तर तो भलतीकडेच जातो, मान उजव्या खांद्याकडे कललेली असते, तोंडातून शब्द उमटत नाही. तुमच्याकडे येण्याआधी तिच्या आकलनाच्या तीन चाचण्या झाल्या होत्या. ठोकळे रचायचे, बोटाने चित्र दाखवायचं, आणि तेही घड्याळ लावून. जिचा हात तिचं स्वतःचं ऐकत नाही, तिला! एका ठिकाणी तर तिची मान दोन्ही हातांत धरून सरळ केली. ती कळवळून रडली. अहवालात लिहून आलं, "सहकार्य करत नाही." ते तीन शब्द मी कित्येक रात्री उशाशी घेऊन झोपले. तिला काय कळतं ते यांना मोजता आलं नाही, आणि शिक्का बसला तो तिच्यावर. याचा राग अजून गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही.

तुमच्या खोलीत मी सवयीनेच तिची मान सरळ करायला गेले. तुम्ही म्हणालात, "असू दे. तिला जशी बरी वाटते तशीच असू दे." मग स्टँडचा स्क्रू सैल करून तुम्ही नजर टिपणाऱ्या यंत्राचा पडदाच तिरका केलात, तिच्या दोन डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. गुडघ्यांवर बसलात, डोकं तिच्या डोक्याशेजारी तसंच कलतं धरलंत आणि तिला काय दिसतंय ते स्वतः पाहिलंत. आणि विचारलंत तिला, मला नाही: "दिसतंय ना गं नीट?"

ताई, नऊ वर्षांत हे कोणी केलं नव्हतं.

पुढचं यंत्राचं काम. पडद्याखालच्या पट्टीतून डोळ्यांवर न दिसणारा अवरक्त प्रकाश पडतो, कॅमेरा त्याची चकाकी आणि बाहुली टिपतो, आणि नजर कुठे टेकली ते सॉफ्टवेअर काढतं. तिचा एक डोळा थोडा तिरळा, त्यामुळे कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राला तिच्या नजरेची ओळख करून देणं, दोनदा फसलं. तुम्ही खिडकीचा पडदा ओढलात, एकाच डोळ्यावर मोजायचं ठरवलंत आणि फिरत्या ठिपक्याच्या जागी उडणारं फुलपाखरू लावलंत. तिसऱ्या वेळी जमलं. घाई कुठेच नव्हती.

मग चार-चार चित्रं आणि एक शब्द. "कुलूप," तुम्ही म्हणालात. तिची नजर घरावरून किल्लीवर गेली, तिथे जरा रेंगाळली आणि कुलपावर येऊन थांबली. हललीच नाही. किल्लीवर का थांबली असेल ते मला लगेच कळलं आणि रडू आवरेना. 24 शब्दांपैकी 19 बरोबर. नुसत्या योगायोगाने सहाच्या आसपास आले असते, हे तुम्हीच समजावलंत.

हेही सांगितलंत की उरलेले पाच तिला येत नाहीत असं धरू नका. डोळेही थकतात, कधी हवं तिथे वळत नाहीत. नजर कुठे गेली एवढंच यंत्र सांगतं, मनात काय आहे ते सांगत नाही. इतकं महागडं यंत्र हाताशी असताना त्याची मर्यादा आपणहून सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. तेच यंत्र आधीच्या त्या खोलीत असतं, तर त्यांनी पुन्हा तिची मानच वळवली असती, याबद्दल मला जराही शंका नाही. समोरच्या लेकराला माणूस समजून बोलायला पदवी लागत नाही. पण ते ज्याच्याजवळ असतं त्याच्या खोलीत पाऊल टाकताच आईला कळतं.

आता घरी टॅब्लेटच्या डाव्या कडेखाली तिच्या बाबांनी लाकडाची पाचर लावली आहे. पाहुणे येतात, पडदा वाकडा दिसला की सरळ करायला हात पुढे करतात. आम्ही म्हणतो, "असू दे."

तुमची,
तिची आई