'हर हर महादेव'मधले तीन ह

महोदय,

शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीच्या चित्ररथावर 'हर हर महादेव' असा भलामोठा फ्लेक्स होता. ब्रशने लिहिल्यासारखा, खोडकर, उड्या मारणारा फॉन्ट. लांबून झकास दिसला. जवळ गेलो तर तिन्ही ह जुळे! शेपटीत रंग संपत आला की ब्रशाच्या केसांच्या रेघा उमटतात ना, त्या तिन्ही ठिकाणी एकाच जागी, एकसारख्या. चाळीस वर्षं मी शहापुरात बोर्ड रंगवले. पहिला ह भरल्या ब्रशाने फुगतो, दुसऱ्याला रंग कमी पडतो, तिसरा जागा संपत आली म्हणून अंग चोरतो. एकाच अक्षराची दोन-तीन रूपं फॉन्टात घालून ती आलटून पालटून आणता येतात, हे मला माझ्या नातवानेच दाखवलं. मग कंटाळा कशाला?

तेही एकवेळ चालेल. पण खाली प्रसंगाचं नाव होतं 'आग्र्याहून सुटका'. त्यातला ग्र्या फुटलेला. र चा पाय मोडून ठेवलेला आणि 'या' बाजूला सुटा. म्हणजे महाराजांच्या आधी 'या' सुटला! फ्लेक्सवाल्या पोराला विचारलं, तर म्हणाला, "त्या फॉन्टातच तसं आहे की ओ काका." सुटी अक्षरं हौसेने काढायची आणि जोडाक्षरं आली की हात आखडायचा. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र तर अनेकांच्या गावीच नसतो.

ल आणि श हिंदी वळणाचे, हे आणखी एक. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिला. काही फॉन्टांत ही रूपं असतात. सॉफ्टवेअरमध्ये भाषा 'मराठी' निवडली की येतात. डीटीपीवाल्यांनी एवढं तरी करून बघावं. आणि असला फॉन्ट मथळ्यापुरता असतो हो. वर्गणीदारांची यादी त्यातच छापली, माझं नाव मला चष्मा लावूनही सापडलं नाही.

आपल्या बेळगावात बोर्डावर कन्नडही लागते. वर मराठी नाचते आणि खाली कन्नड कचेरीतल्या कागदासारखी ताठ उभी, असं सगळीकडे दिसतं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने 'बालू' हा गुबगुबीत फॉन्ट बऱ्याच भारतीय लिप्यांत केला आहे. त्याच्या कन्नड रूपाचं नाव 'बालू तम्मा'. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे बेळगावकरांना सांगायला नको. तो फुकट मिळतो आणि दोन्ही ओळी एका घरातल्या वाटतात. मात्र तो ब्रशाचा नव्हे. तसाच जोडीचा, पण ब्रशाचा फॉन्ट कुणी करणार असेल तर ग्र्या, ऱ्ह्या, क्ष्म सगळी जोडाक्षरं मी हाताने लिहून देईन, पैसे नकोत.

पुढच्या वर्षीचा 'हर हर महादेव' मीच रंगवतो, असं मंडळाच्या पोरांना सांगितलंय. "बघू की," म्हणालेत.

एक जुना पेंटर,
शहापूर, बेळगाव