पाठ्यपुस्तकांचा मजकूर खुला करा : गुजरातच्या शिक्षणमंत्र्यांना बडोद्याहून खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

विषय : पाठ्यपुस्तके व अन्य शैक्षणिक प्रकाशने यांचा मजकूर युनिकोडमध्ये आणि मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

इंटरनेटवर एकत्र येऊन मराठी आणि गुजराती पुस्तके सर्वांना वाचता येतील अशा स्वरूपात आणणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक आहे. आमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत नोकरी करणाऱ्या मुली आहेत, महाराजा सयाजीराव विद्यापीठातले विद्यार्थी आहेत आणि स्वतः दृष्टिहीन असलेले संगणकाचे जाणकारही आहेत. कोणी बडोद्याचे, कोणी सुरत-नवसारीचे, तर कोणी पार परदेशात स्थायिक झालेले. पुष्कळांची एकमेकांशी अजून प्रत्यक्ष भेटही झालेली नाही. सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. परंतु आम्हा सर्वांना सतत भेडसावणारी एक अडचण आपल्या एका निर्णयाने दूर होण्यासारखी आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्याची गुजराती प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे.

राज्य शासन जी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध करते त्यांचा मजकूर, पुस्तक छपाईला जाते त्याच वेळी, युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या, सर्व संगणकांना समजणाऱ्या जागतिक पद्धतीत) आणि मुक्त परवान्याखाली (म्हणजे तो कोणालाही वापरता व वाटता येईल अशा परवानगीने) सर्वांना द्यावा, एवढीच आमची मागणी आहे. पानांच्या प्रतिमा संकेतस्थळावर टाकल्याने ती पूर्ण होत नाही. आम्हाला अक्षरे हवी आहेत.

हा फरक वरवर पाहता तांत्रिक वाटेल, म्हणून तो जरा उलगडून सांगते. बारावीत शिकणारी एक दृष्टिहीन मुलगी आमच्याकडे पुस्तकांच्या फायली पाठवत असते. तिच्या मोबाइलमध्ये पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्ये ती असतेच, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. तिने मागे एक फाइल पाठवली आणि सोबत फोन ती कशी वाचतो याचा आवाजही ध्वनिमुद्रित करून पाठवला. डोळ्यांना त्या पानावर स्वच्छ, सुबक मराठी दिसत होते. फोन मात्र वाचत होता, ‘एस, डॉलर, कंस पूर्ण, एल, अर्धविराम, के’. पानामागून पान तसेच. याचे कारण असे की, ती फाइल जुन्या अ‍ॅस्की फॉन्टमध्ये जुळवलेली होती. अशा फॉन्टमध्ये फाइलीत साठतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. त्यांच्यावर देवनागरीचा फक्त मुखवटा चढवलेला असतो. ऐकून शिकणाऱ्याच्या हाती त्या मुखवट्यामागचे काय ते लागते. पानाचे नुसते छायाचित्र असले तर तेवढेही लागत नाही. फोन गप्प बसतो.

देवनागरी आणि गुजराती या दोन्ही लिप्या युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत आहेत. केंद्र सरकारने २००९ साली ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण म्हणून जाहीर केले. असे असूनही आमच्याकडे येणाऱ्या शैक्षणिक फायलींपैकी कितीतरी अजून जुन्या फॉन्टमध्ये किंवा चित्ररूपातच असतात.

मग आम्ही काय करतो? पान स्कॅन करतो आणि त्यातली अक्षरे ओळखण्यासाठी ते टेसरॅक्टसारख्या प्रणालीला देतो. ही प्रणाली मुळात एका मोठ्या कंपनीत तयार झाली, २००५ साली ती सर्वांसाठी खुली झाली, आणि आज ती मराठीही वाचते, गुजरातीही वाचते. परंतु छपाई थोडी पुसट असली की ‘घर’चे ‘धर’ होते, ‘मरण’चे ‘भरण’ होते, ‘ख’ फुटून त्याचे ‘रव’ होतात, आणि अनुस्वार तर कुठेही गळतात. म्हणून प्रत्येक पान माणसाने तपासावे लागते. विकिस्रोत या स्वयंसेवकांनी चालवलेल्या इंटरनेटवरील मुक्त ग्रंथालयात या कामाची पद्धत ठरलेली आहे : डाव्या-उजव्या बाजूंना मूळ पानाचे चित्र आणि ओळखलेला मजकूर असे दोन्ही समोर ठेवून एकाने ओळ न् ओळ ताडून पाहिली की पान पिवळे होते, दुसऱ्या कोणी तेच पान पुन्हा तपासून मान्य केले की ते हिरवे होते. पहिल्या तपासनिसाला स्वतःच्या पानावर हिरवी मोहोर उमटवता येत नाही. मोबदला कोणालाच मिळत नाही, आणि तरीही रात्री मुलांना झोपवून दोन पाने तपासायला बसणाऱ्या गृहिणी मला ठाऊक आहेत.

जुन्या पुस्तकांसाठी ही मेहनत अपरिहार्य आहे. ज्यांचे लेखक १९६४ किंवा त्यापूर्वी दिवंगत झाले, त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क भारतीय कायद्याप्रमाणे आता संपला आहे. त्या पुस्तकांची संगणकीय प्रत कधी नव्हतीच, तेव्हा ती कोणीतरी घडवलीच पाहिजे. पण गेल्या वर्षी छापलेल्या पाठ्यपुस्तकाची गोष्ट निराळी. त्याचा मजकूर कोणीतरी संगणकावर टंकित केलेला आहे, मुद्रितशोधकाने तपासलेला आहे, आणि त्या दोन्ही कामांचे पैसे सार्वजनिक तिजोरीतून दिले गेले आहेत. तोच मजकूर आम्ही कागदावरून पुन्हा उतरवतो, पुन्हा तपासतो, आणि तो विद्यार्थ्यांच्या हाती पडेपर्यंत सहामाही परीक्षा होऊन जाते. इतक्या निष्ठेने काम करणाऱ्या माणसांचा वेळ असा वाया जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

महोदय, हे पत्र बडोद्याहून लिहिले जात आहे, त्यामुळे इथल्या एका जुन्या व्यवस्थेची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. शिकलेल्या माणसाला वाचायला पुस्तक मिळाले नाही तर तो शिकलेले विसरतो, हे ओळखून १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला ग्रंथालये उभारण्यासाठी बडोद्यास बोलावले, आणि पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्यासारख्यांनी ते काम नेटाने चालवले. ग्रंथालयांविषयीचे एक नियतकालिक इथून १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी जात आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्चही सरकार सोसत असे. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती ग्रामग्रंथालयांच्या खर्चाची वाटणी. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी काही रक्कम उभी केली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार देई. लोकांनी आपला तिसरा हिस्सा भरला की बाकीचे दोन हिस्से मिळणे हा त्यांचा हक्कच ठरे.

आज लोकांनी आपला हिस्सा केव्हाच भरला आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही संगणकप्रणाली २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन तरुणाने लिहायला घेतली, दुसऱ्या दृष्टिहीन मित्राची त्याला साथ मिळाली, आणि ज्या काळात अशा प्रणाली सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होत्या त्या काळात त्यांनी ती विनामूल्य दिली. जगभरच्या स्वयंसेवकांनी ती पन्नासहून अधिक भाषांत नेली. तिच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाजही खुला आहे आणि तो मराठी व गुजराती दोन्ही बोलतो. यंत्रासारखा बोलतो, पण बोलतो. बोली मराठी यंत्राला समजावी म्हणून ‘कॉमन व्हॉइस’ या आवाजांच्या खुल्या संग्रहासाठी आपल्या आवाजात वाक्ये वाचून देणारी माणसे आहेत. वाचणारे यंत्र तयार आहे, तपासणारे डोळे तयार आहेत, ऐकणारे कान वाट पाहत आहेत. फक्त ज्याच्याकडे मूळ मजकूर आहे त्याने तो देणे बाकी आहे.

कायदा या मागणीच्या बाजूने आहे. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी कोणत्याही पुस्तकाची सुगम प्रत ना-नफा तत्त्वावर तयार करण्यास मुभा दिली. दृष्टिहीनांच्या वाचनहक्कासाठीचा माराकेश करार जगात सर्वप्रथम भारतानेच २०१४ साली मान्य केला. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे. तथापि, प्रत करण्याची मुभा असणे आणि प्रत करता येईल असा मजकूर हाती असणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढणे आपल्या खात्याच्या हाती आहे.

अशी वाट आधी कोणी चोखाळली आहे का, असे आपण विचाराल. गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला, आणि देवनागरीतले ते खंड इंटरनेटवर आणण्याच्या कामाला स्वयंसेवक लागले. केंद्र सरकारने त्याच वर्षी सुरू केलेले खुल्या शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडार मुक्त परवान्यावरच उभे आहे. केरळची हकीकत तर विस्ताराने अभ्यासण्यासारखी आहे : तिथे २००२ पासून मल्याळम संगणनासाठी झटणाऱ्या हौशी मंडळींनी खुले फॉन्ट घडवले, आणि शासनाने आपल्या शाळांमध्ये मुक्त संगणकप्रणाली आणली. एका बाजूला लोक आणि दुसऱ्या बाजूला शिक्षण खाते असे दोघांनीही एकाच दिशेने जोर लावल्यामुळे तिथल्या शाळकरी मुलांना आपल्या भाषेत संगणक वापरणे सवयीचे झाले.

आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. खुल्या मजकुरात कोणी फेरफार केले तर काय, हा पहिला. शासनाची अधिकृत प्रत शासनाच्याच संकेतस्थळावर राहणार आहे, तिच्याशी केव्हाही ताडून पाहता येईल. आणि विकिस्रोतावर कोणी एक काना बदलला तरी कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. कागदावरच्या पुस्तकात एवढी पारदर्शकता कधीच नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : भाषेच्या पुस्तकांतल्या कविता आणि धडे यांचे हक्क लेखकांचे किंवा त्यांच्या वारसांचे असतात, ते शासनाला परस्पर खुले करता येत नाहीत. हे खरे आहे आणि लेखकाचा हक्क डावलावा असे मी कधीही म्हणणार नाही. म्हणून विज्ञान, गणित, समाजशास्त्र यांसारख्या, शासनाने स्वतः लिहवून घेतलेल्या पुस्तकांपासून आरंभ करावा. भाषेच्या पुस्तकांना मुक्त परवाना देता आला नाही तरी त्यांच्या युनिकोड फायली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्यांना देण्यास वर सांगितलेली २०१२ च्या दुरुस्तीतली तरतूद पुरेशी आहे. स्वयंसेवक आज आहेत, उद्या नसतील, असेही म्हटले जाते. मजकूर खुला असला तर एकाने सोडलेले पान दुसरा उचलतो. बंद फाइलच्या बाबतीत मात्र ते घडूच शकत नाही.

या प्रश्नाचा गाभा दृष्टिहीन विद्यार्थी हा असला तरी लाभ त्यांच्यापुरता राहणार नाही. ज्याला अक्षरे एकमेकांत मिसळलेली दिसतात असे मूल, रात्रपाळी करून परीक्षेला बसणारा कामगार, शब्द शोधून नेमका परिच्छेद काढू पाहणारा शिक्षक, या सगळ्यांना चित्र नको असते, मजकूर हवा असतो. राज्यात मराठी माध्यमाची पुस्तकेही निघतात. त्यांचे वाचक संख्येने थोडे, त्यामुळे खाजगी प्रकाशक त्यांच्याकडे सहसा वळत नाहीत; त्या मुलांसाठी शासनाचे पुस्तक हेच बहुधा एकमेव पुस्तक असते.

एक गोष्ट मात्र स्वयंसेवकांच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक ठरणार नाही. ‘बाजूची आकृती पाहा’ या वाक्यापाशी येऊन ऐकणाऱ्याचे पुस्तक थांबते. हृदयाचे कप्पे कसे आहेत, नकाशात मही आणि विश्वामित्री कोणत्या बाजूला वळतात, आलेखातली रेघ कुठे चढते आणि कुठे उतरते, हे शब्दांत सांगायला तो विषय वर्षानुवर्षे शिकवलेला शिक्षकच हवा. आकृत्यांची अशी वर्णने लिहिण्याचे काम शिक्षकांच्या प्रशिक्षणात समाविष्ट करावे आणि ते त्यांच्या सेवानोंदीत धरले जावे. वर्णन लिहिणाऱ्या शिक्षकाच्या वर्गातल्या डोळस मुलांनाही ती आकृती अधिक नीट कळेल, असे मला एका शिक्षिकेने सांगितले आणि ते मला पटले आहे. तसेच सार्वजनिक ग्रंथालयांतली एखादी खोली आणि तिथली इंटरनेटची जोडणी रविवारी अशा कामासाठी मिळाली, तर मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या जागी नवे स्वयंसेवक तयार करणे सोपे होईल.

नव्या शैक्षणिक वर्षाची पुस्तके जूनच्या बऱ्याच आधी अक्षरजुळणीला जातात. तेव्हा छापखान्याशी होणाऱ्या करारातच ‘संपूर्ण मजकुराची युनिकोड फाइल शासनाकडे जमा करावी’ असे कलम यावे, अशी विनंती आहे. शासनाने लिहवून घेतलेल्या पुस्तकांतही आरंभ अकरावी-बारावीच्या इतिहास, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या पुस्तकांपासून व्हावा, कारण आमच्याकडे सर्वाधिक मागणी त्यांचीच येते. पहिल्या फायली आल्यास त्यांतली प्रकरणांची शीर्षके, पृष्ठांक आणि तक्ते ऐकणाऱ्याला सापडतील असे लावून त्या आपल्या खात्याला विनामूल्य परत करण्याची तयारी आम्हा स्वयंसेवकांची आहे. त्यासाठी आपल्या कार्यालयाने एका अधिकाऱ्याची नेमणूक करून त्यांच्या भेटीची वेळ आम्हाला द्यावी.

आपली नम्र,
ग्रंथांच्या मुद्रितशोधनाचे काम करणारी एक बडोदेकर
दांडिया बाजार, बडोदे