सिंधूला रागावू दिल्याबद्दल

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयात तुम्ही घेता त्या लिहिण्या-चित्रांच्या बैठकीबद्दलचं हे पत्र मुद्दाम उघड लिहितेय. फोंड्याच्या आसपास आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत, आणि दारूचा विषय आपल्याकडे कुजबुजीतच राहतो.

ह्यांची दारू सुटायला बांबोळीचं इस्पितळ आणि एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या) सभा कामी आल्या, हे ते स्वतःच सांगतात. पण माझं आणि मुलीचं काय, हे विचारलंत तुम्ही. आपल्या गोव्यात नाटकवेड किती! गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं, तरी त्यातली दारुड्याची बायको सिंधू अजून सगळ्यांना पाठ. दळणं दळते, मार खाते आणि मरतानाही नवऱ्याला सांभाळून घेते. आम्ही बायका पदराने डोळे पुसतो. वाचनालयातल्या बैठकीत तुम्ही मला म्हणालात, "ही सिंधू रागावली असती तर काय बोलली असती, ते लिहा." एखादी ओवी होईल असं वाटलं होतं, पानंच्या पानं झाली. त्यात देखणी ओळ एकही नव्हती, आणि तुम्ही एकही दुरुस्त केली नाहीत.

मुलीने घराचं चित्र काढायचं तर नुसत्या काळ्या, वेड्यावाकड्या रेघा ओढल्या. बाबांच्या स्कूटरचा आवाज, म्हणाली; त्यावरून तिला कळायचं आज किती झालीय. मी समजत होते, ती तेव्हा झोपलेली असायची. तुम्ही अर्थ लावत बसला नाहीत, दुसरा कागद पुढे केलात. प्रदर्शनात लावायचं नाही म्हणाली, तर चित्र लगेच तिच्या हातात दिलंत.

ह्यांची पहिली कविता ठरावीक: फेणी राक्षसीण आणि आपण बिचारे. (ऐकतानाच मला चीड आली.) तुम्ही एवढंच विचारलंत, "हिच्यात बायको कुठे आहे?" पुढच्या खेपेला त्यांनी गार झालेल्या हुमणावर, माशाच्या कालवणावर, लिहिलं. दारूचं नावही नव्हतं, पण वाचताना मध्येच गळा दाटला. मी सावरायला धावले नाही. आजार आपण लावलेला नाही, आपल्याला तो आवरता येत नाही, बराही करता येत नाही, हे अल-अनॉनमध्ये, म्हणजे दारुड्यांच्या घरच्यांच्या सभांत, कुटुंबीयांना सांगतात. मला ते तोंडपाठ होतं. पटलं त्या दुपारी.

आता एक मागणं. काजूचा हंगाम तोंडावर आलाय. भट्ट्या पेटल्या की हुर्राकाचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास गावभर, आणि हे दिवस कठीण जातात असं ते स्वतःच म्हणतात. मे संपेपर्यंत बैठक दर रविवारी घ्याल का? चहा आणि झाडलोट आमच्याकडे लागली.

आपली,
बैठकीतली एक