जनरेटर आहे, पण खरा लोड शेवटचा कधी घेतला?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रुग्णालयात, जलशुद्धीकरण केंद्रात किंवा डेटा सेंटरमध्ये नवा जनरेटर बसला की त्याची बातमी होते. किती केव्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा), खर्च किती, फीत कोणी कापली, सगळे छापून येते. पुढच्या वर्षभरात त्याने एकदा तरी खरा लोड, म्हणजे उपकरणांचा प्रत्यक्ष विजेचा भार, उचलला का, हे मात्र कुठेच वाचायला मिळत नाही. विद्युत देखभालीच्या कामात आयुष्य गेलेला वाचक म्हणून तेवढ्यासाठीच हे पत्र.

जनरेटर अधूनमधून सुरू करून पाहण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. ऑपरेटर बटण दाबतो, इंजिन दहा मिनिटे चालते, बंद होते, नोंदवहीत ‘ओके’ पडते. (काही नोंदवह्यांत वर्षभराचे ‘ओके’ एकाच शाईत आणि एकाच बैठकीत लिहिल्यासारखे दिसतात, तो भाग वेगळा.) या दहा मिनिटांत कळते ते एवढेच, की बॅटरीने इंजिन फिरवले. अल्टरनेटरवर (वीज तयार करणाऱ्या भागावर) लोड आलेला नसतो, चेंजओव्हर (मुख्य पुरवठ्यावरून जनरेटरवर नेणारा स्विच) हललेला नसतो, रेडिएटरची परीक्षा झालेली नसते. उलट असे रिकामे चालवणे इंजिनालाच बाधते. सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल अर्धवट जळते, काजळी इंजेक्टरच्या तोंडाशी आणि एक्झॉस्टमध्ये साठते आणि सायलेन्सरच्या जोडांतून काळा ओघळ येऊ लागतो. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. म्हणजे काळजी म्हणून जे केले जाते त्यानेच यंत्र हळूहळू खराब होते.

अमेरिकेतील एनएफपीए ११० हे आपत्कालीन वीजव्यवस्थेचे मानक याबाबत स्पष्ट आहे. महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटे, आणि तीही क्षमतेच्या किमान ३० टक्के लोडवर किंवा एक्झॉस्टचे तापमान निर्मात्याने सांगितलेल्या किमान पातळीवर राहील एवढ्या लोडवर. तेवढा लोड मिळत नसेल, तर वर्षातून एकदा लोड बँक (कृत्रिम भार देणारे यंत्र) जोडून आधी ५० टक्क्यांवर अर्धा तास आणि मग ७५ टक्क्यांवर एक तास. जिवाशी संबंध असलेल्या ठिकाणी दर ३६ महिन्यांनी दीर्घ चाचणीही आहे, ती साधारण सलग चार तासांची. हे आकडे कोणाला जाचक वाटतील. मला ते किमान वाटतात.

तरीही लोड बँक म्हणजे फक्त इंजिन आणि अल्टरनेटर यांची परीक्षा. संपूर्ण व्यवस्थेची परीक्षा एकाच मार्गाने होते: मुख्य पुरवठ्याचा ब्रेकर उघडायचा, म्हणजे वीज तोडायची, आणि काय होते ते पाहायचे. एएमएफ पॅनेलने (वीज जाताच जनरेटर सुरू करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने) वीज गेल्याचे ओळखले का, इंजिन आपोआप सुरू झाले का, चेंजओव्हर फिरला का, मधली काही सेकंदे यूपीएसने (बॅटरीवरच्या तात्पुरत्या पुरवठ्याने) सांभाळली का? मागच्या सर्व्हिसिंगनंतर सिलेक्टर स्विच ‘ऑटो’वर परत ठेवायचा राहून गेला असेल, तर तेही इथेच उघडे पडते. हे दोष कागदावर सापडत नाहीत. कुठे डिझेल वर चढवणारा पंपच फक्त मुख्य पुरवठ्यावर जोडलेला निघतो. कुठे सर्व्हर यूपीएसवर सुखरूप चालू असतात, पण त्यांची खोली थंड ठेवणारी यंत्रे जनरेटरच्या लोडमध्ये धरलेलीच नसतात आणि खोली तापत जाते. कुठे दहा वर्षांत एकेक करून नवी उपकरणे जोडली गेलेली असतात आणि सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळून जनरेटर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, म्हणून लोड टप्प्याटप्प्यानेच घ्यावा लागतो.

मग ही चाचणी होत का नाही? आळस हे उत्तर मला पटत नाही. चाचणीत वीज गेली तर चौकशीत ब्रेकर उघडणाऱ्याचे नाव येते. वादळात गेली तर वादळाचे येते. हा हिशेब प्रत्येक सुपरवायझर मनात करतो आणि त्याला दोष देणे कठीण आहे. पण ठरवून केलेल्या चाचणीत काही अडले तर ब्रेकर पुन्हा चढवता येतो. त्या वेळी शस्त्रक्रिया लावलेल्या नसतात, व्हेंटिलेटरजवळ परिचारिका अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) घेऊन तयार असते, जनरेटरच्या खोलीत मेकॅनिक हजर असतो. मध्यरात्रीच्या पुरात यांतले काहीच हाताशी नसते. म्हणून चाचणीचा आदेश संस्थेच्या प्रमुखाच्या सहीने निघाला पाहिजे. इलेक्ट्रिशियनच्या हिमतीवर तो सोडणे अन्यायाचे आहे.

जगात ज्या ठिकाणी पैसा आणि तज्ज्ञ दोन्ही होते, तिथेही ही साखळी एखाद्या दुर्लक्षित कडीपाशी तुटलेली आहे. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाइइची अणुकेंद्राचा बाहेरचा वीजपुरवठा भूकंपाने गेला आणि आपत्कालीन जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले. सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामी आली आणि १३ पैकी १२ जनरेटर निकामी ठरले. यात मला सर्वांत बोलका वाटतो तो तपशील असा: त्यांतले हवेने थंड होणारे दोन जनरेटर स्वतः बुडालेच नव्हते. त्यांची वीज ज्या पॅनेलांमधून पुढे जायची, ती तळघरात पाण्याखाली गेली होती. उरलेल्या एकाच जनरेटरच्या जोरावर पाचवी आणि सहावी अणुभट्टी वाचली.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर कोरडे होते, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात बुडाले. कर्मचारी आणि नॅशनल गार्डचे जवान जिन्यांवर रांग करून हातोहात डिझेल वर पोहोचवत राहिले, आणि शेवटी रुग्णालय रिकामे करावे लागले. स्वीडनच्या फोर्समार्क अणुकेंद्रात २५ जुलै २००६ रोजी तर पूरही नव्हता. स्विचयार्डमधील (उच्चदाब वाहिन्या जोडणाऱ्या आवारातील) शॉर्टसर्किटमुळे व्होल्टेज उसळले, चारपैकी दोन यूपीएस ट्रिप झाले आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले दोन जनरेटर आपोआप लोड घेऊ शकले नाहीत. एकाऐवजी दोन यंत्रे ठेवली म्हणजे निर्धास्त झालो, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. दोन्ही यंत्रे एकाच पाण्यात, एकाच पॅनेलवर किंवा एकाच सेटिंगवर असतील, तर ती मोजायला दोन असतात इतकेच.

बॅटरीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण जनरेटर सुरू न होण्यामागे बहुतेकदा तीच असते. चार्जर चालू असताना २४ व्होल्टच्या संचावर मीटर २७ दाखवतो आणि सगळे समाधानी होतात. तो आकडा चार्जरचा असतो. बॅटरीत किती जीव आहे ते स्टार्टर फिरताना व्होल्टेज किती खाली जाते यावरून कळते. यूपीएसच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्यांचेही तसेच. एका माळेत जोडलेल्यांपैकी एक कमकुवत झाली की सगळी माळ बसते. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर दहा अंशांमागे त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, तरी त्यांना बंदिस्त, गरम कोपऱ्यात ढकलले जाते. क्षमता ८० टक्क्यांपर्यंत उतरली की त्या बदलायच्या असतात. ती उतरली की नाही हे डिस्चार्ज चाचणीतच दिसते, आणि ‘अजून चालतायत की’ हे वाक्य त्या चाचणीला पर्याय होऊ शकत नाही. डिझेलही साठवून ठेवले की खराब होते. टाकीच्या तळाशी पाणी जमते, त्यात जिवाणू वाढतात आणि तो गाळ फिल्टर तुंबवतो. तोही नेमका पूर्ण लोडवर, इंधनाचा ओघ वाढल्यावर.

म्हणून एक विनंती. यापुढे अशा ठिकाणच्या जनरेटरची बातमी करताना आपल्या बातमीदारांनी केव्हीएच्या आकड्यासोबत आणखी काही विचारावे. मुख्य पुरवठा प्रत्यक्ष बंद करून शेवटची चाचणी कधी झाली, त्या वेळी किती लोड होता, किती वेळ चालला आणि त्यात काय बिघडले? काहीच बिघडले नाही असे उत्तर आले तर नोंदवहीतले ते पान मागावे, आणि मिळाले तर जसेच्या तसे छापावे.

आपला,
एक निवृत्त विद्युत देखभाल पर्यवेक्षक