रक्तदाब, द्रास आणि देवळाली

फोर्ट, मुंबई

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि लष्कराच्या मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या, कागदांच्या प्रती मिळाल्या. डिसॅबिलिटी पेन्शनसाठी, म्हणजे सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाबद्दलच्या जादा पेन्शनसाठी, अपील करण्याबाबत 'सरकारने दिले ते पुष्कळ झाले, आता म्हातारपणी कशाला दारात उभे राहायचे' असे तू लिहितोस. ते मला मुळीच मान्य नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुझी भीड मी समजू शकतो. पण भिडेपोटी माणूस जे सोडून देतो, ते सरकार त्याच्या नावे कुठे राखून ठेवत नाही.

कागद नीट वाचले. बोर्डाने तुझा रक्तदाबाचा विकार तीस टक्के अपंगत्वाचा आणि आयुष्यभरासाठी ठरवला आहे. त्याखाली 'सेवेमुळे उद्भवला' आणि 'सेवेमुळे बळावला' या दोन्ही रकान्यांत 'नाही' असे लिहिले असून, कारणाच्या जागी एकच ओळ टंकलेली आहे: विकार शांतता क्षेत्रात असताना सुरू झाला. शांतता क्षेत्र म्हणजे सीमेपासून दूरचे ठाणे, तुझ्या बाबतीत देवळाली. तू देवळालीला आलास तो लडाखमधल्या अतिउंच द्रासहून, आणि त्याआधी नियंत्रण रेषेजवळच्या पूंछला होतास, याचा त्या ओळीत उल्लेखही नाही. रक्तदाब वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढत राहतो आणि ज्या दिवशी कुणी दंडाला पट्टा बांधून मोजतो, त्या दिवशी तो 'सापडतो'. सापडल्याची तारीख हीच सुरू झाल्याची तारीख, असे बोर्डाने धरून चालणे मला वैद्यकशास्त्रापेक्षा कारकुनी सोय वाटते. तुझी अपिलातली मुख्य लढाई याच एका ओळीशी आहे.

आता कायद्याचे. विकार सेवेमुळे उद्भवलेला किंवा बळावलेला असावा आणि तो किमान वीस टक्के असावा, या डिसॅबिलिटी पेन्शनच्या दोन मुख्य अटी आहेत. त्यांपैकी दुसरी तू केव्हाच पूर्ण केली आहेस. पहिलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात 2013 साली जो निकाल दिला, तोच आम्ही वकील आजही पुढे करतो. भरतीच्या वेळी जवान तंदुरुस्त असल्याची नोंद असेल आणि त्या आजाराची नोंद तेव्हा कुठेच नसेल, तर तो आजार सेवेतच झाला असे सर्वसाधारणपणे धरावे, पुराव्याचा भार जवानावर टाकू नये, संशयाचा फायदा त्यालाच द्यावा, आणि बोर्डाला उलटे म्हणायचे असेल तर त्याने कारणे लिहावीत, असा त्याचा मथितार्थ आहे.

पण तुला खोटा दिलासा द्यायचा नाही. धरमवीर सिंग यांना 1982 चे नियम लागू होते; तुझी निवृत्ती 2018 ची, म्हणून तुला 2008 चे नियम लागतील आणि ते तितके उदार नाहीत. नोकरीत असताना आजार दिसला एवढ्यावरून तो नोकरीमुळेच झाला असे धरता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. 2019 साली नरसिंग यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की काही आजार, विशेषतः मानसिक, भरतीच्या तपासणीत कळूच शकत नाहीत, तेव्हा प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणदोषांवर तपासावे. त्यामुळे केवळ गृहीतकावर विसंबून न राहता द्रास आणि पूंछच्या नेमणुका तारखांसह अपिलात मांडायला हव्यात. उंचीवरची थंडी, प्राणवायूची कमतरता, अपुरी झोप आणि अखंड तणाव यांनी रक्तदाब बळावतो, हे लष्कराच्या डॉक्टरांना मी सांगायची गरज नाही.

'पैसे कितीसे मिळणार' असेही विचारले आहेस. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के, असे हे गणित आहे. पन्नासच्या खालची टक्केवारी पन्नास धरायची, ही सवलत नियत सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू आहे, हे राम अवतार यांच्या खटल्यात 2014 साली ठरले. म्हणजे शेवटचे वेतन 40,000 रुपये असेल, तर तुझ्या अपंगत्वाच्या तीस टक्क्यांचे पन्नास होऊन वेतनाच्या पंधरा टक्के, म्हणजे दरमहा 6,000 रुपये आणि त्यावर महागाईभत्ता, तोही नेहमीच्या पेन्शनव्यतिरिक्त. वहिनींना हा आकडा दाखव. त्या तुझ्याइतक्या संकोची नाहीत.

उशीर झाल्याने हक्क बुडत नाही, पण थकबाकी बहुधा दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. निवृत्तीला 15 वर्षे उलटल्यावर दावा केला, तर पुराव्याचा भारही आपल्यावर येतो. तोवर थांबण्यात शहाणपण नाही.

रक्तदाब आणि मधुमेहाच्या नावाखाली काही अधिकारी निवृत्तीच्या तोंडावर टक्केवारी पदरात पाडून घेतात, अशी ओरड तू ऐकली असशील. सप्टेंबर 2023 मध्ये नियम बदलले, त्यामागे हीच चर्चा होती. गैरवापर होतच नाही असे मी म्हणणार नाही. मात्र एखाद्या अधिकाऱ्याने घेतलेल्या लबाडीच्या टक्क्यांची भरपाई द्रासला तोफा ओढणाऱ्या हवालदाराकडून का करून घ्यायची, याचे उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही. सरकारची उगाचची अपिले कशी कमी करता येतील हे पाहण्यासाठी मनोहर पर्रीकरांनी संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये तज्ज्ञ समिती नेमली होती. तरीही जवान जिंकला की सरकारचे वरच्या न्यायालयात जाणे काही थांबलेले नाही. अमेरिकेने 2022 साली वेगळी वाट धरली. इराक-अफगाणिस्तानातल्या तळांवर उघड्या खड्ड्यांत कचरा जाळला जाई. त्या धुराशी निगडित आजारांची यादीच कायद्यात घातली, त्यामुळे तिथे नेमणूक असलेल्या सैनिकाला धूर आणि आजार यांचा संबंध स्वतः सिद्ध करावा लागत नाही. आपल्याकडे अतिउंचीवरच्या नेमणुकांसाठी अशी यादी झाली, तर माझी निम्मी वकिली बंद पडेल आणि मला त्याचे दुःख होणार नाही.

आधी खात्याकडे पहिले अपील करू, ते फेटाळले तर दुसरे, आणि तेथेही काही झाले नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबईतले खंडपीठ आहेच. डिस्चार्ज बुक, भरतीच्या वेळच्या तपासणीची प्रत, नेमणुकांची यादी आणि देवळालीच्या तपासणीचा कागद घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसने ये. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नकोस, माझ्याही नाही. प्रती इथेच काढून घेऊ. वकीलपत्रावर सही केल्याखेरीज तुला परत जाऊ देणार नाही. वहिनींनाही घेऊन ये, आणि रक्तदाबाच्या गोळ्या विसरू नकोस.

तुझा,
सुधाकर